ठोका खरेच चुकतो का?

डोंबिवली स्थानकाचा पूल धावत चढून तुम्ही लोकल पकडता. छाती धडधडत असते आणि मधेच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटतो. तो खरेच चुकतो का?

हृदयाच्या उजव्या कर्णिकेत पेशींची एक छोटी गाठ असते. कीथ व फ्लॅक यांनी ती १९०७ मध्ये दाखवून दिली. विश्रांतीत ती मिनिटाला ६० ते १०० विद्युत् स्पंद सोडते आणि प्रत्येक स्पंदासरशी हृदय आकुंचन पावते. कधी दुसऱ्याच पेशी वेळेआधी स्पंद सोडतात. तेव्हा जवनिका पुरती भरलेली नसते. रक्त थोडेच बाहेर पडते व मनगटाला नाडी लागत नाही. पुढचा ठोका उशिरा येतो. तोवर जवनिका अधिक भरते, म्हणून तो जोराने जाणवतो. म्हणजे ठोका चुकलेला नसतो, तो लवकर पडलेला असतो! निरोगी हृदयात असे अधूनमधून घडणे बहुधा निरुपद्रवी असते.

व्यायामात अ‍ॅड्रेनॅलीन वाढते व गाठीचा वेग वाढतो. पण काहींच्या हृदयाचा स्नायू जन्मजात दोषामुळे जाड होतो, तर काहींच्या पेशींतील आयनांचे मार्ग सदोष असतात. तेथे हेच अ‍ॅड्रेनॅलीन घातक लय सुरू करू शकते. जवनिकेला भरायला वेळ मिळत नाही, मेंदूला रक्त कमी पडते व शुद्ध हरपते. म्हणून धावता धावता कोणी बेशुद्ध पडला, तर ‘उपाशी असेल’ म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा. घरात कोणी तरुणपणी अचानक दगावले असल्यास तेही सांगा. बसून काढलेला ई. सी. जी. निर्दोष असला, तरी फिरत्या पट्ट्यावर चालताना काढलेला आलेख दोष उघड करू शकतो.

मग व्यायाम सोडावा? मुळीच नाही! लंडनच्या दुमजली बसमध्ये जिने चढणाऱ्या कंडक्टरांना बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृद्रोग कमी होतो, असे डॉ. मॉरिस यांनी १९५३ मध्ये दाखवले. अतिरेकाची बाजूही आहे. स्वीडनमधील ९० किलोमीटरच्या बर्फावरील शर्यतीत वारंवार उतरणाऱ्यांत पुढे लयबिघाड अधिक आढळले, असे २०१३ मधील अभ्यास सांगतो. रोजचा बेताचा व्यायाम मात्र हृदयाचा मित्रच.

आता एक प्रयोग. पाच मिनिटे बसून नाडी मोजा. ठाण्याच्या मासुंदा तलावाला झपाझप फेरी मारा, किंवा कल्याणच्या दुर्गाडीची चढण चढा. लगेच व नंतर दर मिनिटाला नाडी मोजून आलेख काढा. महिनाभर रोज चालल्यावर पुन्हा काढा. दोन्हींतला उतार ताडून पाहा. (धावताना भोवळ येणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.)