‘विंडी’ आणि ‘गस्टी’ : एक शब्दविचार

‘इट इज विंडी’ म्हणजे ‘वारा सुटला आहे’. येथे आमचे विद्यार्थी सहसा चुकत नाहीत. ‘ब्रीझी’ वारा तर सुखदच. घोटाळा होतो तो ‘गस्टी’पाशी. हा वारा सलग वाहत नाही; काही सेकंदांचा जोरदार झोत येतो, ओसरतो आणि पुन्हा येतो. हवामान खात्याने विदर्भासाठी दिलेल्या इंग्रजी इशाऱ्यांत ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याला हेच विशेषण लावलेले आढळते. मराठीत तो ‘सोसाट्याचा वारा’ होय. पुलगावच्या आसपासच्या खेड्यांत कित्येक घरी इंग्रजी वाचणारा आमचा विद्यार्थी एकटाच असतो. त्याने घरी ‘वारा येणार’ एवढेच सांगितले, तर छपराच्या टिनांवर दगड ठेवायला कोण उठेल?