जावक क्रमांकापूर्वीचा मजकूर

विद्यापीठाच्या परीक्षा विभागात ज्याने उमेदीची वर्षे काढली, त्याला कार्यालयाचा जुना शिरस्ता तोंडपाठ असतो. लिपिकाने टिपणी मांडावी, कक्षाधिकाऱ्याने तीवर शेरा द्यावा, मसुदा वरिष्ठांच्या मेजावरून दुरुस्त्यांसह परत यावा, त्यावर स्वाक्षरी व्हावी आणि जावक बारनिशीत क्रमांक व तारीख पडल्यावरच परिपत्रक संलग्न महाविद्यालयांकडे रवाना व्हावे. तरुणपणी या दिरंगाईचा मला उबग येई. ती आमच्या शब्दाला दिलेली राखण होती, हे एका चुकीनंतर उमगले.

काही वर्षांपूर्वीच्या एका जुलैत अतिवृष्टीने रस्ते बंद झाले असता, दुसऱ्या दिवशीच्या परीक्षा पुढे ढकलण्याचा मसुदा मी तयार केला आणि केंद्रांवरील कर्मचाऱ्यांना रात्रभर ताटकळावे लागू नये या सद्हेतूने, स्वाक्षरी होण्यापूर्वीच त्याचे छायाचित्र खासगी मोबाइलवरून केंद्रप्रमुखांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवले. तासाभरात निर्णय बदलला : ज्या तालुक्यांत पाणी शिरले होते तेथील परीक्षा तेवढ्या तहकूब झाल्या, उरलेल्या ठरल्या वेळी व्हायच्या होत्या. मी छायाचित्र तत्काळ हटवले, दुरुस्तीचा संदेशही टाकला. परंतु एकदा पुढे गेलेले चित्र मूळ ठिकाणी पुसल्याने पुसले जात नाही, आणि विद्यार्थ्यांच्या ग्रुपांतून धावणाऱ्या त्या चित्राला माझी दुरुस्ती गाठू शकली नाही. सकाळी एका केंद्रावर कित्येक बाके रिकामी राहिली. दुपारी एका विद्यार्थिनीचा दूरध्वनी आला. “वर विद्यापीठाचं बोधचिन्ह होतं, सर. मग आम्ही ते खोटं कसं मानायचं?” तिला द्यायला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

मुलांसाठी फेरपरीक्षा घेण्यात आली. माझ्याकडून लेखी खुलासा मागवण्यात आला, तो मी दिला. त्याविषयी माझी तक्रार नाही.

या सेवेत नव्याने रुजू होणाऱ्यांना माझे पहिले सांगणे असे की, मसुद्याचे छायाचित्र कोणालाही, अगदी विश्वासू सहकाऱ्यालाही, पाठवू नका. आणि परिपत्रक निघाल्यावरही त्याच्या चित्राऐवजी संकेतस्थळावरील दुवा पाठवा, कारण संकेतस्थळावरचा कागद बदलता येतो, लोकांच्या फोनांत उतरलेले चित्र बदलता येत नाही. संदेशाच्या पहिल्याच ओळीत दिनांक वर्षासह लिहा. गतवर्षीची परिपत्रके पावसाळा आला की पुन्हा फिरू लागतात, आणि बहुधा त्यांच्यावरचा तारखेचा भागच कापलेला असतो.

याद्यांविषयी तर मी अधिक कळकळीने सांगेन. नाव, भ्रमणध्वनी, जातप्रवर्ग आणि बँक खाते एकाच तक्त्यात असलेली शिष्यवृत्तीची यादी ‘कोणाचे कागद राहिले ते पाहा’ म्हणून ग्रुपवर टाकली जाते, तेव्हा टाकणाऱ्याला ती केवळ कामाची सोय वाटते. पण आपल्या घरची परिस्थिती वर्गातल्या सर्वांनी वाचावी, असे ज्या मुलाला वाटत नाही, त्याचा त्या तक्त्यात एक रकाना असतो. संसदेने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमत केला. तो नसता तरी हे अनुचितच ठरले असते. ज्याचा कागद राहिला, त्याला एकट्याला कळवावे.

समाजमाध्यमांवरील खाती वेगळी ठेवावीत. महाराष्ट्र शासनाच्या जुलै २०२५ च्या निर्णयाने कर्मचाऱ्यांना वैयक्तिक व कार्यालयीन खाती स्वतंत्र ठेवण्यास आणि बदली होताच कार्यालयीन खाते उत्तराधिकाऱ्याच्या हवाली करण्यास सांगितले आहे. विद्यापीठांनीही हा दंडक मनापासून पाळावा असे माझे मत आहे. माझ्या खासगी क्रमांकावर रात्री अकरा वाजता मी सद्भावनेने दिलेले उत्तरही विद्यार्थी विद्यापीठाचेच उत्तर मानतो, आणि उद्या मी रजेवर गेलो तर त्या उत्तराची नोंद दफ्तरात कोठेही सापडत नाही.

तेव्हा मित्रहो, संदेश पाठवण्यापूर्वी एकदा उठा आणि बारनिशीत क्रमांक पडला आहे का, ते पाहून या. तेवढा वेळ विद्यार्थी थांबू शकतात.