नावापुढील आदरपदे : अर्थ व शाळेतील नोंद

नव्या वर्षाची पहिली हजेरी घेतली जाते, तेव्हा नांदेड व लातूर जिल्ह्यांतील पुष्कळ शाळांत 'शेख', 'सय्यद', 'मिर्झा' ही पदे कानी पडतात. 'शेख' अशी हाक मारताच कित्येकदा एकाच वेळी चार मुले उभी राहतात. हे नाव की आडनाव, असा संभ्रम शिक्षकास पडतो. या पदांचा अर्थ व रीत कळल्यास तो दूर होतो.

अर्थ : 'शेख' हा अरबी शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ वयोवृद्ध पुरुष. त्यावरून कुलप्रमुख अथवा विद्वान. 'सय्यद' म्हणजे स्वामी. पैगंबर महंमद यांच्या कन्या फातिमा व जामात अली यांच्या वंशातील म्हणून ओळखल्या जाणाऱ्यांस हे पद लावतात. 'मिर्झा' हे फारसी 'अमीरजादा' याचे संक्षिप्त रूप. 'बेग' हे तुर्की नायकाचे पद, त्यावरूनच 'बेगम'. ही पदे वंशपरंपरेने चालतात. काही पदे मात्र स्वतः मिळवावी लागतात. हज यात्रा केलेला तो हाजी. कुराण मुखोद्गत असलेला तो हाफिज. 'काझी' हे न्यायदान करणाऱ्याचे पद. देशमुख, कुलकर्णी यांप्रमाणेच तेही पुढे आडनाव झाले.

परिसरातील उदाहरणे : कंधार येथील दर्गा हाजी सय्याह सरवर मख्दूम यांचा म्हणून प्रसिद्ध आहे. यांतील प्रत्येक शब्द आदरपदच आहे. सय्याह म्हणजे प्रवासी, सरवर म्हणजे प्रमुख, मख्दूम म्हणजे ज्याची सेवा करावी असा. उदगीर येथे १७६० साली मराठ्यांशी लढलेल्या सलाबतजंगाचे हे नाव नव्हे, किताब होय. गुरू गोविंदसिंहांनी १७०८ साली नांदेड येथे देह ठेवला. तेथील गुरुद्वारास 'हुजूर साहिब' म्हणतात. हे दोन्ही शब्द मूळचे अरबी. आदराचे शब्द एका धर्मापुरते राहत नाहीत, हे मुलांस यावरून सहज पटेल.

नोंदीची रीत : मराठवाड्यात 'सय्यद करीम सय्यद रहीम' अशी नावे आढळतात. यांत करीम हे मुलाचे व रहीम हे पित्याचे नाव. दोन्हींपूर्वीचे 'सय्यद' ही द्विरुक्ती समजून एक गाळणे, किंवा ते उचलून शेवटी आडनाव म्हणून लिहिणे चुकीचे आहे. पालकांचे कागद पाहून, नाव त्यांना वाचून दाखवून मगच प्रवेश-निर्गम नोंदवहीत लिहावे. शिक्षकाच्या लेखणीची एक चूक निर्गम उताऱ्यावर उतरते. पुढे शिष्यवृत्तीच्या अथवा नोकरीच्या वेळी दोन कागदांवर दोन नावे निघतात, आणि मजुरी बुडवून पित्यास तहसिलीच्या खेपा घालाव्या लागतात.

वर्गातील उपयोग : मुलास 'ए शेख' असे न पुकारता करीम, फातिमा अशा त्याच्या वा तिच्या नावाने हाक मारावी. शाळेत आलेल्या पालकांस 'शेखसाहेब', 'काझीसाहेब' असे संबोधावे. चौथीच्या मुलांस आपापल्या आडनावाचा अर्थ घरी वडीलधाऱ्यांस विचारून येण्यास सांगावे. दुसऱ्या दिवशी फळ्यावर गाव, हुद्दा व वंश असे तीन रकाने आखून ती आडनावे मांडावीत. पाटील व काझी एकाच रकान्यात आलेले पाहून मुलांस जे उमगेल, ते निराळे सांगावे लागणार नाही.

भारतीय संविधानाच्या १८ व्या अनुच्छेदाने लष्करी व विद्याविषयक मानचिन्हे वगळता राज्याने किताब देणे बंद झाले. माणसाने माणसास आदराने हाक मारणे मात्र बंद झालेले नाही. त्याचा पहिला पाठ शाळेच्या हजेरीतच मिळतो.