पाठदुखीची चौकशी पोटापासून

ऊसतोडीचा हंगाम संपला की अंबाजोगाईत माझ्या ओपीडीत कंबर धरून येणाऱ्या बायका वाढतात. त्यातल्याच एक ताई, वय अडतीस. पाच महिने फडात डोक्यावर मोळ्या वाहिलेल्या. मी विचारलं, "पाळी येते का?" "पिशवी काढून नऊ वर्षं झाली, डॉक्टर." अंडाशयंही काढली होती का, हे त्यांना सांगता येईना. घडी पडून फाटत आलेलं डिस्चार्ज कार्ड उलगडलं, तेव्हा कळलं: दोन्ही काढली होती.

२०१९ च्या सरकारी पाहणीत आमच्या बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पिशवीसोबत अंडाशयंही गेली की इस्ट्रोजेन एकदम घटतं आणि हाडांची झीज वेगाने सुरू होते. या झिजेत आतड्यातल्या जिवाणूंचाही हात असावा, असं आता दिसू लागलंय. अटलांटाच्या एमोरी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये उंदरांवर प्रयोग केले. इस्ट्रोजेन घटल्यावर आतड्याचं अस्तर सैल पडलं, जिवाणूंचे अंश आत शिरले, प्रतिकारशक्ती चवताळली आणि हाड झिजलं. आतड्यात जिवाणूच नसलेल्या उंदरांची हाडं मात्र टिकली.

हेच जिवाणू उपकारही करतात. भाकरी, डाळी, पालेभाज्यांतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो ते मोठ्या आतड्यात आंबवतात. त्यातून तयार होणारी आम्लं अस्तर धडधाकट ठेवतात आणि कॅल्शियम शोषायला मदत करतात.

मग जिवाणूंच्या कॅप्सूल घ्यायच्या का? माझं उत्तर आहे, त्यावर पैसे घालू नका. स्वीडनमध्ये २०१८ साली ७५ ते ८० वयाच्या ९० बायकांवर चाचणी झाली. एका जातीचे जिवाणू वर्षभर दिल्यावर पायाच्या हाडाची झीज जवळपास निम्मी झाली. पण २०२४ मध्ये तेच जिवाणू पन्नाशीतल्या बायकांना दोन वर्षं दिले, तेव्हा काहीच फरक पडला नाही.

ताटाकडे मात्र जरूर बघा. ज्वारी-बाजरीची भाकरी सोडू नका. सोबत मटकी, हरभरा, शेपू, करडईची भाजी असू द्या. रोज वाटीभर ताजं दही किंवा तांब्याभर ताक घ्या. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आपण आवडीने आंबील पितो, ती वर्षातून एकदाच कशाला? पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. दोन चमचे तिळाच्या चटणीतून त्यातलं शंभरेक मिलिग्रॅम मिळतं. बाकीचं दूध, दही, नाचणीतून येऊ द्या. कमी पडलं तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्या. अंगावर ऊन घ्या आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. कंबरदुखीची आणि ॲसिडिटीची गोळी दुकानातून आणून महिनोन्‌महिने घेऊ नका. तंबाखू, मिश्री सोडा.

पंचेचाळिशीच्या आत अंडाशयं काढली असतील, तर डिस्चार्ज कार्ड घेऊन डॉक्टरांना भेटा. हाडांच्या घनतेची तपासणी आणि हार्मोनचे उपचार लागतील का, हे विचारा. पिशवी काढण्याचा सल्ला कुणी दिला, तर आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. आपल्या अंबाजोगाईत १९७४ पासून स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथे जा.

साध्या पडण्याने पाठीत कळ भरली, पाय बधिर झाले, लघवीवरचा ताबा सुटला, पाठदुखीसोबत ताप येऊन वजन घटलं, तर एक दिवसही थांबू नका. तरण्या पोराची कंबर रोज सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडत असेल, तर त्यालाही दाखवून आणा.

त्या ताईंना मी औषधं लिहून दिली, तपासणीला पाठवलं आणि पुढच्या हंगामात मोळी उचलायची नाही, असं बजावलं. "मग मुकादमाची उचल कशी फेडायची?" त्यांनी विचारलं. या प्रश्नाचं औषध माझ्या कागदावर मावत नाही. म्हणून मुकादमांना, कारखान्यांना आणि घरातल्या कर्त्या माणसांना कळकळीने सांगतो: त्यांच्या डोक्यावरची मोळी हलकी करा आणि ताटात ताक, भाजी वाढा.