लाह्यांचा अंदाज : मोजमापाचा एक पाठ

नागपंचमीच्या लाह्या महाराष्ट्रात घरोघरी परिचित आहेत. मूठभर दाण्यांनी पातेले भरते, हे प्रत्येकाने पाहिलेले असते. परंतु अमुक इतक्या लाह्यांसाठी दाणे किती घ्यावेत, याचे नेमके उत्तर क्वचितच मिळते. शाळेचे स्नेहसंमेलन असो वा महिला बचत गटाची विक्री असो, हा अंदाज चुकला की माल वाया जातो, नाही तर रांगेतील शेवटच्या मुलांना रिकाम्या हाताने परतावे लागते.

दाणा फुलतो तो त्यातील ओलाव्यामुळे. लाह्यांच्या मक्याचे कवच कठीण असते. दाण्यात शेकडा 13 ते 14 भाग ओलावा असल्यास तो उत्तम फुलतो. उष्णता सुमारे 180 अंश सेल्सियसवर गेली की वाफेच्या दाबाने कवच फुटते व आतील पिठूळ गर फेसासारखा फुलून येतो. आकार वाढला तरी वजन वाढत नाही. वाफ निघून गेल्याने ते किंचित घटतेच. म्हणून दाणे वजनाने आणि लाह्या मापाने मोजाव्यात.

चांगल्या मक्याच्या 1 किलोग्रॅम दाण्यांपासून साधारणतः 35 ते 40 लिटर लाह्या मिळतात. तथापि या आकड्यावर विसंबून न राहता नमुना घेणे श्रेयस्कर होय. 100 ग्रॅम दाणे भाजावेत, न फुटलेले गणंग वेगळे काढावेत आणि लाह्या न दाबता लिटरच्या मापाने मोजाव्यात. असे तीनदा करून सरासरी काढावी.

समजा, 200 मुलांना प्रत्येकी अर्धा लिटर, म्हणजे एकूण 100 लिटर लाह्या द्यावयाच्या आहेत. नमुन्यात 3.5 लिटर लाह्या मिळाल्या, तर 3 किलोग्रॅम दाणे पुरतात. परंतु दाणे सुकलेले असून नमुन्यात 2.5 लिटरच मिळाल्या, तर त्याच 3 किलोग्रॅमच्या 75 लिटर होतील व 50 मुले वंचित राहतील. तेथे 4 किलोग्रॅम दाणे हवेत.

यास्तव दाणे हवाबंद डब्यात ठेवावेत. सुकलेल्या दाण्यांवर थोडे पाणी शिंपडून ते तीन-चार दिवस बंद डब्यात ठेवावेत व अधूनमधून हलवावेत. त्यांची फुलण्याची शक्ती बऱ्याच अंशी परत येते.

ज्वारीची लाही मक्याहून लहान असते. तिचा नमुना स्वतंत्रच घ्यावा. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात करून दाखविल्यास वजन, आकारमान, सरासरी आणि त्रैराशिक हे चारही धडे एकाच पातेल्यात शिकविता येतील.