फक्कीची रेघ

लोणी काळभोरच्या पुढे, कालपरवापर्यंत जिथे ऊस उभा होता तिथे आता प्लॉट पडलेत. त्यातल्याच एका पाच गुंठ्यांत आमचं घर उभं राहिलं. घर झालं, आता बाग, असं मुक्ताने ठरवलं आणि तिच्या अप्पाकाकांना ‘जरा नजर टाका’ म्हणून बोलावलं. म्हणजे मोबाइलमधल्या चित्राला मान डोलवा, एवढंच तिला हवं होतं. पण अप्पांनी उभा जन्म उद्यानविद्या शिकवण्यात घालवलाय. मान डोलावणं त्यांना ठाऊक नाही. मेचा शेवटचा आठवडा होता. माझ्याकडे चहाचं खातं होतं, त्यामुळे मी गप्प होतो. मला विचारायचं होतं ते बहुतेक मुक्ताच विचारत होती.

अप्पा : हे वेटोळं काय आहे?

मुक्ता : वाट आहे, अप्पा. फाटकापासून दारापर्यंत नागमोडी. दोन्हीकडे लॉन.

अप्पा : मध्ये विहीर आहे? झाड? मग तीस फुटांत दोन वळणं घेऊन माणसाने चुकवायचं कुणाला? दूधवाला पहिल्या दिवशी वळणाने येईल, दुसऱ्या दिवशी तुझ्या लॉनमधून. वळणाला कारण लागतं, बाई.

मुक्ता : बरं, नागमोडी नको. पण नागाचं काय? शेजारी म्हणतात, इथे साप निघतात.

अप्पा : मग बघू. आधी कुदळ आण.

कुदळ मी आणली. अप्पांनी दाखवलेल्या जागी खणलं. वरचं वीतभर म्हणजे विटांचे तुकडे, गिलाव्याचे खपले, सिमेंटच्या पोत्याची चिंधी. त्याखाली काँक्रीटच्या गाड्यांनी दाबून दगड केलेला मुरूम. दीड फुटावर कुठे काळी माती लागली. अप्पांनी त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतायला लावलं आणि घड्याळ बघितलं.

अप्पा : ही तुझी बाग. यावर तू गुलाब लावणार. सिमेंटचा चुना मातीत उतरला की मातीतलं लोह मुळांना मिळत नाही, पानं पिवळी पडतात. मग तू मला फोन करणार, ‘अप्पा, कुठलं औषध मारू?’

मुक्ता : कंत्राटदार म्हणाला, वरून चार ट्रक तांबडी माती टाकू.

अप्पा : म्हणेलच! अगं, ही अख्ख्या तालुक्यातली कसदार काळी जमीन. ती एनए करायची, तिच्यावर राडारोडा लोटायचा, आणि मावळातल्या कुठल्या तरी डोंगराची साल काढून ट्रकने इथे आणायची. डोंगरही गेला, शेतही गेलं. पुन्हा हेच लोक जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या प्रदर्शनातून पिटुनियाच्या कुंड्या आणतात, एप्रिलमध्ये फेकून देतात. मी त्या प्रदर्शनाला हल्ली जातच नाही.

मुक्ता : मागच्या वर्षी आपण बरोबर गेलो होतो की.

अप्पा : गेलो होतो. वाईट वाटून घ्यायला. ते सोड. राडारोडा वेचून काढायचा, मुरूम पहारीने फोडायचा, शेणखत घालायचं. जूनमध्ये पाऊस लागला की जिथे झाडं यायचीत तिथे ताग पेरायचा. दीड महिन्यात छातीएवढा होतो. फुलावर येण्याआधी कापून मातीत गाडायचा. एवढ्या पैशात एवढं खत कुणी देत नाही.

मुक्ता : छातीएवढा ताग? अंगणात? अप्पा, घरात चार वर्षांचं पोर आहे. त्यात साप शिरला तर दिसणार तरी कसा?

अप्पा : साप तागासाठी येत नाही. उंदरासाठी येतो, बेडकासाठी येतो. तुझ्या त्या विटांच्या ढिगाऱ्यात आत्ता जेवढी बिळं आहेत तेवढी तागात होणार नाहीत.

मुक्ता : आणि रातराणी? वासाला येतात म्हणे.

अप्पा : सापाला अत्तराचा शौक नाही. फुलांवर किडे, किड्यांवर पाली आणि बेडूक, त्यांच्यामागे साप आला तर आला. रातराणी खिडकीला टेकवू नको म्हणजे झालं. पुढे चला. पावसाळाभर वाट बांधायची नाही.

मुक्ता : चार महिने चिखलातून चालायचं?

अप्पा : चार फरश्या टाक तात्पुरत्या, पावलाच्या अंतरावर, मध्यापासून मध्यापर्यंत दोन फूट. आणि बघत बस. हजार फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस झाला तर तेवीसशे लिटर पाणी खाली येतं. ते कुठे पडतं, कुठून वाहतं, कुठे तुंबतं, हे आकाश सांगेल, चित्रवाला सांगणार नाही. वाट नेहमी घरापासून बाहेर उतरती, फुटाला पाव इंच. आणि वाफे वाटेपेक्षा खाली. लोक वाफे उंच करतात, मग माती वाटेवर आणि पाणी गटारात.

मुक्ता : पेव्हर ब्लॉक टाकायचे ना?

अप्पा : या काळ्या मातीवर? ही पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. दोन वर्षांत ब्लॉक समुद्रासारखे लाटा मारतील. आधी फूट-दीड फूट काळी माती काढ. ती वाफ्यांना वापर, फेकू नको. तिथे मुरूम भरायचा, थराथराने पाणी मारून धुम्मस करायची, वर कच, त्यावर शहाबादी. सांधे सिमेंटने बुजवायचे नाहीत. आणि ब्लॉक झाडाच्या गळ्यापर्यंत तर कधीच नाही. दिल्लीत २०१३ साली हरित न्यायाधिकरणाला सांगावं लागलं, झाडाच्या बुंध्याभोवती एक मीटर काँक्रीट काढा म्हणून. हे सांगायला न्यायाधीश लागतो!

मुक्ता : वाटेची रुंदी?

अप्पा : दाराशी येणारी पाच फूट. दोन माणसं बोलत येतात, पुढे-मागे रांगेत येत नाहीत. बाकी तीन. कडेची झाडं दोन्हीकडून अर्धा अर्धा फूट खातात, तेवढा हिशेब धर.

मुक्ता : आणि लॉन?

अप्पा : भर उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर पाणी धर. हजार चौरस फुटांना साडेचारशे लिटरच्या वर. रोज. टँकर किती रुपयांना येतो ते तू सांग.

लॉनवर मुक्ता पुढे काही बोलली नाही. टँकरवाल्याचे पैसे तीच देते.

बाराच्या सुमारास अप्पांनी आम्हाला उत्तरेच्या बाजूला नेलं. चित्रवाल्याने तिथे फर्न दाखवले होते, ‘सावलीचा कोपरा’ असं लिहून. तिथे लख्ख ऊन होतं. घराची टीचभर सावली पडली होती ती दक्षिणेला.

अप्पा : पुण्याला १३ मेच्या आसपास सूर्य भर दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो. तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारी तो उत्तरेला असतो. म्हणजे ऐन तलखीत, पाऊस यायच्या तोंडावर, तुझे फर्न करपणार. आणि डिसेंबरात वीस फुटी भिंतीची दुपारची सावली इथे अठरा फूट येणार, म्हणजे मोगरा रुसणार. इथे अडुळसा लाव, कुंती लाव. मोगरा दक्षिणेला. पारिजातक वाटेपासून चार पावलं आत, नाहीतर पहाटे सडा पडला की तुमचेच पाय त्यावर. सोनचाफा भिंतीपासून दहा-बारा फुटांवर. सेप्टिक टँकच्या आसपास उंबर-पिंपळ उगवलेला दिसला तर रोप असतानाच काढ.

मुक्ता : हे सगळं पटलं. पण मला अजून सापाचं—

अप्पा : पुन्हा साप!

मुक्ता : हो, पुन्हा साप. तुम्ही उंदीर-बेडूक सांगितलंत. मण्यार रात्री घरात शिरते, त्याचं सांगितलं नाहीत. रात्री मोटर लावायला मागे मीच जाते. तुम्ही जाणार नाही.

अप्पा थोडा वेळ बोलले नाहीत. चष्मा पुसला.

अप्पा : जोत्याला लागून चार फूट पट्टा मोकळा ठेव. काही लावायचं नाही. मुरूम, वर खडी, बाहेर उतार. भिंतीपाशी पाणीही मुरणार नाही, आणि जनावर आलं तर उघड्यावर दिसेल. ताग त्या पट्ट्याच्या पलीकडे. मोटरीपर्यंतची वाट याच पट्ट्यातून, आणि तिथे दिवा. उजेड पायाशी पडेल असा, डोळ्यात नाही. बॅटरी हातात असू दे तरी.

मुक्ता : हे आधी का नाही सांगितलं?

अप्पा : आधी वाटलं नव्हतं.

मग त्यांनी फक्कीची पिशवी मागितली. फाटकापासून सरळ दारापर्यंत, आणि दारापासून घराला वळसा घालून स्वयंपाकघराच्या मागच्या ओट्यापर्यंत, काटकोनात, त्यांनी स्वतः वाकून पांढऱ्या रेघा मारल्या. सत्तरीत कंबर धरत, पण दोरी न लावता अगदी सरळ. ‘ही तुझी वाट,’ म्हणाले, आणि चहाला बसले.

तेवढ्यात गॅसवाला आला. भरलेलं सिलिंडर, तीसएक किलोचं धूड खांद्यावर. फाटकातून दहा पावलं तो रेघेवरून आला, मग सरळ तिरका वळला, आंब्यासाठी ठेवलेल्या मोकळ्या जागेतून कोपरा कापत मागच्या ओट्याशी पोचला. परत जाताना तसाच गेला. काळ्या-तांबड्या धुळीत फक्कीने माखलेल्या पावलांची एक तिरकी ओळ उमटली होती.

मुक्ता हसली नाही. तिने फक्त कप खाली ठेवला.

अप्पा उठले. सकाळच्या खड्ड्याकडे गेले, वाकून पाहिलं. चार तास होत आले तरी पाणी घोटाभर तसंच होतं. ‘इथे तर काहीच लावू नको,’ असं पुटपुटत ते गॅसवाल्याच्या पावलांशी येऊन उभे राहिले.

‘आंबा सहा फूट पलीकडे सरकव,’ ते म्हणाले. ‘आणि ती पिशवी दे इकडे.’