श्रवणयंत्राची निवड

चंडीगढच्या सेक्टर २२ मधील गजबजलेल्या बाजारात एखाद्या वृद्धाला आवाज ऐकू येतो, परंतु शब्द उमगत नाही. उतारवयात बहुधा प्रथम उच्च कंप्रतेचे ध्वनी लोपतात. स, श यांसारखी व्यंजने याच पट्ट्यात मोडतात. स्वर त्या मानाने शाबूत राहतात. मग ‘सात’ आणि ‘हात’ यांतील भेद कानाला उरत नाही. अशा कानास सर्वच ध्वनी सारखे वाढवून देणारे यंत्र केवळ गोंगाट पुरविते. (ओरडून बोलणारे आप्तही तेच करतात!)

म्हणून आधी श्रवणालेख काढावा. २५० ते ८००० हर्ट्‌झपर्यंतचे निरनिराळे सूर किमान किती डेसिबेलला ऐकू येतात, हे त्यात नोंदलेले असते. हवेतून व हाडातून होणाऱ्या श्रवणाची तुलना केली असता दोष मध्यकर्णातील की अंतःकर्णातील, हेही कळते. मध्यकर्णातील दोष पुष्कळदा औषधाने वा शस्त्रक्रियेने दूर होतो. यंत्र लागलेच, तर श्रवणतज्ज्ञ ते आलेखानुसार जुळवितो: जेथे उणीव, तेथेच वाढ. त्याची परीक्षा दुकानातील शांत खोलीत पुरी होत नाही. चार माणसे एकदम बोलत असतानाही ती घ्यावी. नव्या ध्वनींची सवय होण्यास मेंदूला काही आठवडे लागतात, आणि त्या काळात यंत्राची जुळणी पुन्हा करून घ्यावी लागते.